आतल्या कडेची झीज

वस्तादांच्या दुकानात गाडी आली की ते आधी गाडीकडे बघतच नसत. खाली वाकायचे, चाकामागे हात घालायचे आणि तळवा टायरवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवायचे. डोळे मिटलेले, ओठ दुमडलेले. मग उठून, फडक्याला हात पुसत, समोरच्याला सांगून टाकायचे. "तुम्ही ब्रेक फार उशिरा मारता." "फुटपाथला लावताना डावीकडचा अंदाज चुकतो तुमचा." एकदा एका बाईंना म्हणाले, "शेजारी जे बसतात ना, त्यांना जरा चालायला सांगा." शेजारी बसणारे तिथेच उभे होते. पण ते गृहस्थसुद्धा पुढच्या वेळी टायर बदलायला वस्तादांकडेच आले, कारण बत्तीस वर्षांत या माणसाचा हात खोटं बोलला असं कुणी म्हटलं नव्हतं. खरं नाव ग्राहकांना सोडाच, शेजारच्या बॅटरीवाल्यालाही आठवत नसेल. वस्ताद म्हणजे वस्ताद.

तर असा हा कामातला पक्का माणूस. पण त्याला एक दुखणं होतं, आणि त्या दुखण्यावर औषध नव्हतं. ते दुखणं म्हणजे त्याचा साडू.

धाकट्या मेहुणीचा नवरा. नळ, बेसिन, शॉवर असलं सामान विकायचा. वस्ताद थोरले जावई, हा सहा वर्षं मागून आलेला, आणि आल्या दिवसापासून सासरच्यांच्या गळ्यातला ताईत. बरं, माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं हो! चारचौघांत त्याला नावं ठेवता आली असती. पण हा हसतमुख, अडीअडचणीला धावणारा, वर वस्तादांना "साडूभाऊ, साडूभाऊ" करत मान देणारा. अशा माणसावर जळायचं म्हणजे चोरून जळावं लागतं, आणि त्याचा त्रास फार.

साडूनं घराला रंग दिला की वस्तादांना आपल्या भिंतींचे पोपडे दिसायला लागायचे. साडूला चष्मा लागला, तर मेला तोही त्याला शोभला. सासऱ्यांना कवळी बसवायची होती तेव्हा त्यांनी दवाखान्यात धाकट्या जावयाला बरोबर नेलं, आणि वस्ताद आठ दिवस घरात धुमसत होते. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला काय हौस होती का त्यांच्या तोंडात डोकवायची?" हौस नव्हतीच. पण विचारायला नको?

गेल्या वर्षी साडूनं ती गाडी घेतली. काळीभोर, सात माणसांची, बॉनेट वस्तादांच्या छातीला लागेल एवढी उंच एसयूव्ही. त्या गाडीचे दोन प्रकार येतात. एक साधा, आणि एक वरचा, चारही चाकांना जोर असणारा, ज्याच्या मागच्या दारावर चकचकीत अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. साडूची गाडी वरची. घेतल्यावर आठवड्याच्या आत तो ती घेऊन दुकानात हजर. "कंपनीचे टायर काढा आणि चांगले रुंद टाका, साडूभाऊ. चाकंही तुम्हीच सरळ करून द्या. दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको."

यात राग येण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. तरी वस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात बायको दुकानावरच्या खोलीतून खाली आली, गाडीत बसली आणि आतूनच ओरडली, "अहो, ही सीट पाठीला शेक देते!" तिची कंबर दोन वर्षांपासून दुखत होती. वस्ताद तिला मलम आणून देत होते, आणि इथं हा तिला शेक देत होता. दात-ओठ खात त्यांनी टायर चढवले, गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर घेतली, पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले, तसे म्हणाले, "झालं. न्या." साडूनं हात हातात घेऊन आभार मानले. त्यानंतर वस्तादांनी साबणानं हात धुतले. ग्रीस होतं म्हणून धुतले, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

अकरा महिन्यांनी, एका बुधवारी सकाळी, साडूचा फोन आला. "साडूभाऊ, गाडी घोंगावते आहे हो. पन्नासच्या वर गेली की आत भुंगा शिरल्यासारखं वाटतं."

"आणा," वस्ताद म्हणाले.

गाडी लिफ्टवर चढली. बाहेरून टायर ठणठणीत दिसत होते. वस्ताद खाली शिरले, बॅटरीचा उजेड आतल्या बाजूला मारला आणि बघतच राहिले. पुढच्या दोन्ही टायरची आतली कड संपली होती. नक्षीचं नाव नाही, नुसतं गुळगुळीत रबर, आणि एका ठिकाणी तर आतल्या तारा उघड्या पडलेल्या. मागचेही त्याच वाटेवर. पन्नास हजार किलोमीटर चालायचे ते टायर अकरा हजारांत खलास.

आता लाज वाटायला हवी होती, टायर आपल्याच दुकानातले म्हणून. पण खरं ते सांगायचं तर वस्तादांच्या मनात उकळ्या फुटल्या. घ्या! घ्या मोठी गाडी! बसा शेकत! गाडीखाली वाकून ते चक्क हसले, आणि ओठांवर हसू असतानाच सवयीनं त्यांनी तळवा टायरवर ठेवला. पुढे फिरवला, मऊ लागलं. मागे फिरवला तर करवतीसारखं टोचलं.

हसू तिथंच विरलं. वळणावर गाडी दामटणाऱ्याचा टायर बाहेरच्या कडेला झिजतो. हे शेंबड्या पोराला कळतं. दोन्ही बाजूंना सारखी आतली कड जाते आणि हाताला अशी करवत लागते, तेव्हा चालवणाऱ्याचा काही दोष नसतो. चाकं मुळात वाकडी बसवलेली असतात, आणि गाडी पुढे जाताना टायर जमिनीवर फरफटत राहतो. आणि या गाडीच्या चाकांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"काय झालंय, साडूभाऊ?" बाहेरून साडूनं विचारलं.

वस्ताद बाहेर आले. सरळ सांगायचं होतं, की बघून सांगतो. पण साडूचे ते पॉलिश केलेले बूट समोर दिसले आणि जीभ डोक्याच्या आधी धावली. "चालवण्याचं आहे. कुणीतरी वळणावर गाडी दामटतंय."

"मी तर नाही हो दामटत," साडू म्हणाला, आणि मग दोघांचंही लक्ष त्याच्या मुलीकडे गेलं.

ती बापाबरोबर आली होती. बावीस वर्षांची, काटकुळी, बोलायला मोजकी. पुस्तकांपायी वेडी. गावोगाव पुस्तकं घेऊन जाणाऱ्या फिरत्या वाचनालयाला गाडी चालवणारं माणूस हवं होतं. तिनं अर्ज केला, बोलावणं आलं, आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षा त्या सोमवारी होती. ती पुस्तकांची गाडी साडूच्या गाडीएवढीच लांबरुंद, म्हणून सहा महिने पोरगी रोज पहाटे बापाच्या गाडीवर हात बसवत होती. बापाला ती नोकरी तितकीशी पसंत नव्हती, पण चावी देत होता.

"बाबा, मी वळणावर वीसच्या वर जात नाही," ती म्हणाली.

"मग टायर काय उंदरांनी खाल्ले?"

"मला नाही माहीत. पण मी दामटत नाही."

"साडूभाऊंनी हात लावून सांगितलंय," साडू म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण तो कडक झाला होता. "बत्तीस वर्षं ज्यांचा हात चुकला नाही, ते तुझ्याबद्दल खोटं सांगतील? चावी दे ती."

पोरीनं वस्तादांकडे पाहिलं. काहीतरी बोलतील, असं तिला वाटलं असणार. वस्ताद फडक्यानं एकेक बोट पुसत राहिले. बोटं पुसून झाली तरी पुसत राहिले. तिनं चावी बापाच्या हातावर ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

त्या मापाचे टायर दुकानात नव्हते. शनिवारी येणार होते. गाडी चाकं काढून तिथंच उभी राहिली, आणि बापलेक रिक्षानं घरी गेले.

गुरुवारी दुपारी दुकानात कुणी नसताना वस्तादांनी अलाइनमेंटचं मशीन चालू केलं. आपली चूक शोधायला नव्हे हं. आपली चूक नाही, हे बघायला. मशीन प्रत्येक गाडीचं जुनं काम साठवून ठेवतं. त्यांनी गाडीचा नंबर टाकला. तारीख आली, आकडे आले, सगळे हिरवेगार. छातीवरचा धोंडा उतरला. मग नजर वर, गाडीच्या प्रकारावर गेली.

साधा प्रकार.

वस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावला. अक्षरं बदलली नाहीत. साधी गाडी बुटकी, वरची उंच, दोघींच्या चाकांची मापं वेगळी. मशीनला जी गाडी सांगाल तिचीच मापं ते धरतं, आणि त्या मापात चाकं बसली की बिनबोभाट हिरवं होतं. त्याला काय कळतंय समोर कुठली गाडी उभी आहे! उंच गाडीला बुटक्या गाडीचं माप लावलं होतं. अकरा हजार किलोमीटर ती बिचारी फेंगड्या पायांनी चालली होती.

पण असं झालं कसं? यादीत दोन ओळी असतात, एकीखाली एक. नवख्यानं बोट चुकवावं, ठीक आहे. वस्तादांचं बोट? ते स्टुलावर बसले आणि त्यांना तो दिवस लख्ख आठवला. बायको शेक घेत बसली होती. ते मशीनपुढे उभे होते आणि मनात एकच घोकत होते. एवढी महागाची कुठली घ्यायला बसलाय हा, अक्षरं चिकटवून आणली असतील बाजारातून, आतून साधीच असणार, साधीच असणार. आणि घोकता घोकता बोट साधीवर पडलं. मुद्दाम नव्हतं केलं, आईशप्पथ. पण चुकून झालं असं म्हणायलाही त्यांचं मन धजेना. मशीनपुढे काम करत होता तो वस्ताद नव्हताच, साडूवर जळणारा साडू होता.

जेवायला वर गेले तर बायको फोन ठेवत होती. "धाकटीचा होता," ताट वाढत ती म्हणाली. "पोरगी जेवत नाहीये. सोमवारी परीक्षेला जात नाही म्हणते. म्हणते, मला वाटायचं मला चांगली चालवता येते, आणि मी चार टायर खाऊन बसले. उद्या लोकांच्या गाडीचं काय करेन?"

"जाईल गं. पोरं म्हणतात असं."

"ही नाही तसली. ही म्हणाली की करते." बायको समोर बसली. "माझाही विश्वास बसत नव्हता, तिच्याबरोबर गाडीत बसलेय ना मी. पण मग म्हटलं, तुम्ही स्वतः हात लावून बघितलंय. म्हणजे खरंच असणार."

वस्तादांनी घास ताटात परत ठेवला. हात धुतले आणि खाली दुकानात गेले.

शुक्रवारभर त्यांनी डोकं चालवलं. मार्ग तसा सोपा होता. नवे टायर येतील, चाकं बरोबर मापात बसवायची, जुनी नोंद पुसायची, विषय संपला. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. गाडी आता पन्नास हजार चालेल. आणि तिथंच त्यांचं डोकं ठेचकाळायचं. पन्नास हजार चालली, की साडू आयुष्यभर म्हणत राहणार, बघा, पोरीच्या हातातून चावी काढली आणि टायर टिकले! वस्तादांचं चांगलं काम तिच्यावरचा आळ पक्का करणार होतं.

मग सांगून टाकायचं. टाकलं सांगून, तर? साडू ओरडला, शिव्या घातल्या, सासरी सगळ्यांना सांगितलं, तर ते वस्तादांना चाललं असतं. चालणं कसलं, आवडलंच असतं. निदान एकदा तरी हा माणूस वाईट वागला असता. पण तो ओरडणार नाही, याची वस्तादांना खात्री होती. तो हसेल, पाठीवर थाप मारेल, "अहो साडूभाऊ, होतं माणसाकडून," म्हणेल आणि माफ करून मोकळा होईल. घर त्याचं, गाडी त्याची, आणि आता मनाचा मोठेपणाही त्याचाच! या विचारानं वस्ताद इतके चिडले की शुक्रवारी त्यांनी एका सज्जन माणसाच्या स्कूटरचं पंक्चर काढताना विनाकारण त्याला झापलं.

शनिवारी टायर आले. वस्तादांनी चारही स्वतः चढवले, कुणाला हात लावू दिला नाही. गाडी मशीनवर घेतली, यादीतली वरच्या प्रकाराची ओळ दोनदा वाचली, मग बोट ठेवलं. पडद्यावर लाल लाल आकडे आले. एवढं लाल त्यांनी अपघातातून आलेल्या गाडीतसुद्धा बघितलं नव्हतं. तासभर खपून त्यांनी एकेक आकडा हिरवा केला. जुनी नोंद पुसायच्या बटणावर एकदा बोट गेलं. परत आलं. पुन्हा गेलं. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली.

साडू उतरला, मागून पोरगी. आईनं बळेच पाठवली असावी. ती आत आली नाही, हवा भरायच्या मशीनजवळ उभी राहिली. दुकानात दोन गिऱ्हाईकं बाकावर बसलेली होती.

"व्वा!" साडूनं टायरवर हात फिरवला. "साडूभाऊ, तुम्ही आहात म्हणून निभावतं. आता ही कुणाच्या हातात देत नाही बघा."

वस्ताद हवेच्या दाबाबद्दल बोलले. मग पाचशे किलोमीटरनंतर दाखवून जा, असं बोलले. मग पुन्हा हवेच्या दाबाबद्दल बोलले. साडूनं दार उघडलं, सीटवर बसला, चावी लावली. पोरगी मागच्या दाराकडे निघाली, खाली मान घालून. ती मागच्या सीटवर बसणार होती. पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारीसुद्धा नाही.

वस्ताद जाऊन बॉनेटपुढे उभे राहिले. "उतरा," ते म्हणाले. "दोघंही. आत चला."

पडद्यापुढे उभं करून त्यांनी जुनी नोंद उघडली. मग आजची. "ही मागच्या वर्षीची. ही आजची. मागच्या वेळी मी चुकीच्या गाडीचं माप लावलं. चाकं वाकडी बसली, टायर घासले गेले. दामटण्याचा यात काही संबंध नाही. कुणीही चालवली असती तरी हेच झालं असतं. उलट पोरीनं हळू चालवली म्हणून तारा निघूनही टायर रस्त्यात फुटला नाही."

साडू पडद्याकडे बघत राहिला. पोरगी पुढे आली. तिनं दोन्ही नोंदी नीट वाचल्या, पुस्तक वाचावं तशा. मग म्हणाली, "पण काका, गाडीच्या मागं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. तुम्ही कसे चुकाल?"

बाकावरच्या गिऱ्हाइकांनी कान टवकारले. हा प्रश्न वस्तादांनी शुक्रवारभर टाळला होता. चूक झाली म्हणून सुटायचं, असं ठरवून ते उभे राहिले होते.

"वाचलं होतं," ते म्हणाले. "जळत होतो गं मी. तुझ्या बापाकडे वरची गाडी आली, हे मला सोसेना. साधीच असेल, साधीच असेल, असं मनात म्हणत होतो, आणि मशीनला तेच सांगून बसलो." ते थांबले. उरलेलं आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "आणि बुधवारी टायरला हात लावला तेव्हाच कळलं होतं, तू नाहीस म्हणून. तरी तुझ्यावर ढकललं."

वस्ताद वाट बघत होते. आता हसेल. आता थाप पडेल पाठीवर. त्यांनी खांदे आवळून घेतले.

साडूनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो मुलीकडे वळला. हसतमुख माणसाचा चेहरा असा उघडावाघडा वस्तादांनी पहिल्यांदाच बघितला.

"चुकलो मी," तो तिला म्हणाला. "तू सांगत होतीस, आणि मी तुझं सोडून दुसऱ्याचं खरं मानलं. माफ कर मला."

एवढंच. आवाज खाली आणला नाही, बाकावरच्या लोकांकडे बघितलं नाही, "पण" म्हटलं नाही. पोरीचे डोळे भरून आले. तिनं बापाच्या हातातून चावी घेतली आणि नाक ओढत म्हणाली, "चला. आज दोन तास तरी हात बसवायला हवा."

"चल," साडू म्हणाला. जाता जाता तो वस्तादांपुढे थांबला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "साडूभाऊ, तिची परीक्षा होऊ दे सोमवारी. मग बोलू आपण." आणि जाऊन मुलीच्या शेजारी बसला.

पोरीनं ती एवढी मोठी गाडी दुकानाच्या अरुंद तोंडातून एका फटक्यात बाहेर काढली. वस्ताद दारात उभे होते. सगळं सांगून झालं होतं, मापं, मशीन, स्वतःचं जळणंसुद्धा. पण पोरीला "माफ कर" म्हणायचं राहूनच गेलं होतं. ते दोन शब्द तीन दिवस त्यांच्या तोंडी आलेच नव्हते, आणि त्या माणसानं चार लोकांसमोर, पोटच्या पोरीपुढे, एका दमात म्हणून टाकले होते. गाडी वळणावर हळू झाली आणि दिसेनाशी झाली. इतका हेवा वस्तादांनी त्याचा आजवर कधीच केला नव्हता.